दोउरु, तेजु आणि तेरेखोल

मुंबईहून गोव्याला जाणाऱ्यांना इन्सुली आठवते ती तपासणी नाक्यामुळे. परतीच्या वाटेवर डिकीत बाटल्या असतील, त्यांना तर ती जन्मभर आठवते. घाट, वळणं, नाका आणि पुढं बांदा. एवढंच गाव प्रवाशाला दिसतं. आम्हा इन्सुलीकरांच्या वाडवडिलांचा खरा नाका मात्र आणखी पुढं, पत्रादेवीला होता. तिथं पोर्तुगालचं राज्य सुरू व्हायचं. सकाळी भाकरी बांधून निघालेला माणूस दुपारच्या आत परदेशात पोचायचा आणि तिथं त्याची सख्खी बहीण त्याला जेवायला वाढायची.

कारण सोयरिकी सगळ्या तिकडच्या. पेडणं १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांचंच होतं. राजकारणाच्या ओढाताणीत ते पोर्तुगीजांकडे गेलं, पण पोरीबाळी देणं-घेणं काही थांबलं नाही. माझी आजी पेडणे तालुक्यातली. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे मामाआजोबा, १९५४ च्या सुमारास बहिणीकडे म्हणून आले आणि भारत सरकारची नाकेबंदी सुरू झाली तेव्हा अलीकडेच राहिले. तिकडे कस्टमच्या कचेरीत कारकून होते, इकडे बांद्याच्या एका व्यापाऱ्याची वही लिहायला लागले. मुलांना त्यांच्याविषयी आजीनं एकच गोष्ट सांगून ठेवली होती, "तेका इचारा, तो सायबाची भास बोलता."

आम्ही विचारायचो. संध्याकाळी पडवीत, ते सुपारी कातरत बसलेले असताना. आणि ते म्हणून दाखवायचे, "सोउ, एश, ए, सोमुश, सोइश, सांव." 'असणे' या क्रियापदाची रूपं. आम्ही पाढे म्हणायचो त्याच चालीवर. मग नद्या: मिन्यु, दोउरु, मोंदेगु, तेजु, ग्वादियाना. सगळ्या पोर्तुगालातल्या. उत्तरेकडून दक्षिणेकडे, क्रमानं. क्रम चुकला की 'पालमातोर' बसायची. ती त्यांनी एकदा फणसाच्या फळीच्या तुकड्यावर कोळशानं काढून दाखवली होती: लाकडाची गोल चकती, तिला दांडा, आणि चकतीला भोकं. भोकं कशाला, असं मी विचारलं, तर त्यांनी माझा तळहात धरला आणि बोटानं पाच ठिकाणी टोचून म्हणाले, "हंयसर कातडा वर येता." जुन्या गोव्यात शिकलेल्या कुणाही म्हाताऱ्याला विचारा, नद्या आणि पालमातोर या दोन आठवणी जोडीनंच निघतात. घरामागून वाहणाऱ्या तेरेखोलीचं नाव मात्र त्या पाठांतरात नव्हतं.

'सेगुंद ग्राव'पर्यंत त्यांचं शिक्षण. म्हणजे प्राथमिक शाळेची वरची परीक्षा. त्यापुढं पणजीचं लिसेंव, पण तिथं पोराला ठेवून शिकवण्याची घरची ऐपत नव्हती. एवढ्या शिदोरीवर त्यांना सरकारी कचेरीत नोकरी मिळाली होती.

मार बसायचा म्हणून तुम्हाला एवढं पाठ झालं का, असं कुणीतरी त्यांना विचारलं होतं. त्यांचं उत्तर मी विसरलेलो नाही. "मार खाल्लो म्हणान शिकलंय, असा नाय रे झिला. मार सगळ्यांनीच खाल्लो. माका पगार व्हयो होतो."

गोव्याच्या इतिहासातलं पोर्तुगीज भाषेचं सगळं प्रकरण या वाक्यात बसतं, असं मला आता वाटतं. १६८४ साली व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर यानं हुकूम काढला, की लोकांनी आपली बोली सोडावी आणि तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलू लागावं. तीन वर्षांची तीनशे झाली, बोली आहे तिथंच राहिली. बार्देश-सासष्टीतल्या ख्रिस्ती भाटकारांच्या घरांत पोर्तुगीज रुजली, कारण तिथं चर्च, वकिली, डॉक्टरी, सरकारी हुद्दे ही सगळी त्या भाषेतली होती. पणजीचं वैद्यकीय विद्यालय १८४२ चं, लिसेंव १८५४ चं. दोन्हीकडे शिक्षण पोर्तुगीजमधून. नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पेडण्यासारख्या उशिरा मिळवलेल्या मुलखातल्या हिंदूंना त्या दारातून आत घेणारं कुणी नव्हतं, म्हणून ते पंतोजीकडे मोडी आणि मराठी गिरवत राहिले. १९१० साली पोर्तुगालात राजा गेला, प्रजासत्ताक आलं, हिंदूंना कायद्यानं बरोबरीचे हक्क मिळाले, सरकारी नोकऱ्या खुल्या झाल्या. लगेच पुढची पिढी पोर्तुगीज शाळेत दिसायला लागली. जे हुकुमानं सव्वादोनशे वर्षांत झालं नाही, ते नोकरीच्या जाहिरातीनं वीस वर्षांत केलं.

त्या पिढीतली माणसं मोठी निघाली. बाकीबाब बोरकर पोर्तुगीज शिकून शिक्षक झाले आणि कविता मराठी-कोकणीत लिहीत राहिले. आणि पांडुरंग पिसुर्लेकर. सत्तरीतल्या पिसुर्ले गावी १८९४ साली जन्मलेला हा माणूस सुरुवातीला मराठी शाळामास्तर होता. पोर्तुगीज शिकला ती कामापुरती नव्हे. गोव्याच्या सरकारी दफ्तरखान्याचा प्रमुख झाला आणि १९६१ पर्यंत ती जागा त्यानं सांभाळली. मराठ्यांच्या इतिहासाची जी पानं पोर्तुगीज कागदांत पडून होती, ती त्यानं वाचली म्हणून आपल्याला वाचता आली. लिस्बनच्या पंडितांना मोडी येत नव्हती आणि पुण्याच्या पंडितांना पोर्तुगीज. मधल्या पिसुर्लेकराला दोन्ही येत होत्या.

मामाआजोबांना पिसुर्लेकर नावानं ठाऊक होते. "तेंची गजाल येगळी," म्हणायचे. स्वतःबद्दल त्यांना कसलाच भ्रम नव्हता.

त्यांच्या पोर्तुगीजचा इन्सुलीत एकदाच मोठा उपयोग झाला. १९५५ च्या ऑगस्टमध्ये गोवा सत्याग्रही सावंतवाडीहून बांद्याकडे निघाले, ते आमच्याच रस्त्यानं. घरोघरी लोक ओट्यावर पाणी, पेज घेऊन उभे. आजी सांगायची, की उत्तरेकडची चार-पाच पोरं आमच्या पडवीत पावसाला टेकली होती. त्यांना मराठी येत नव्हतं, हिला हिंदी येत नव्हतं. मामाआजोबांनी त्यांना बसवून शिकवलं: पलीकडचा शिपाई 'आल्तु' ओरडला तर समजा थांब म्हणतोय, आणि हात दिसतील असे वर धरा. पोरं हसली, म्हणाली, थांबायला कोण चाललंय. १५ ऑगस्टला पत्रादेवीला गोळीबार झाला. पंजाबचा कर्नेलसिंग बेनिपाल तिथंच पडला. आमच्या पडवीतली ती पोरं कोण, कुठली, त्यांचं पुढं काय झालं, हे कुणालाच कळलं नाही. मामाआजोबा हा प्रसंग स्वतः कधी सांगत नसत. आजी सांगायची आणि ते उठून आत जायचे.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मोकळा झाला. लिसेंवात निम्म्या वाटेवर असलेल्या पोरांनी घाईघाईनं इंग्रजी धरली, गावोगाव मराठी शाळा निघाल्या. पोर्तुगीजला आता पगार नव्हता. दोनचार वर्षांत ती रस्त्यावरून नाहीशी झाली.

त्याच सुमारास तिकडे पेकिंगमध्ये काय चाललं होतं पाहा. १९६० मध्ये तिथल्या आकाशवाणीच्या शिक्षणसंस्थेत आणि १९६१ मध्ये परकीय भाषांच्या संस्थेत पोर्तुगीज शिकवायला सुरुवात झाली. एकही पोर्तुगीज न पाहिलेली चिनी पोरं आपली पोरं टाकायच्या बेतात असलेली क्रियापदं घोकायला बसली. माओच्या चीनला आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींकडे आणि ब्राझीलकडे लक्ष ठेवायचं होतं, रेडिओवरून त्यांच्याशी बोलायचं होतं. त्यासाठी माणसं हवी होती. ती त्यांनी तयार करायला घेतली.

चीन आणि गोवा यांचा भाषेवरून आलेला संबंध तसा त्याहून फार जुना. मकाव हे बंदर पोर्तुगीजांनी १५५७ मध्ये वसवलं आणि १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या अमलाखाली चालायचा. मात्तेओ रिची हा इटालियन जेझुइट १५७८ ला गोव्यात उतरला, पुढच्याच वर्षी इंग्रज थॉमस स्टीफन्स उतरला. संघ एक, गाव एक. स्टीफन्स सासष्टीत राहिला, इथल्या लोकांत बसून त्यांची भाषा शिकला आणि १६१६ मध्ये मराठीत ख्रिस्तपुराण छापून मोकळा झाला. जवळपास अकरा हजार ओव्या. रिची १५८२ ला मकावला गेला, आपल्या रुज्जिएरी नावाच्या जोडीदाराबरोबर चिनी शिकला आणि दोघांनी पोर्तुगीज-चिनी शब्दकोश हातानं लिहून काढला. युरोपच्या कुठल्याही भाषेतून चिनीत जाणारा तो पहिला कोश. रोमच्या दफ्तरात तो विसरला गेला होता, १९३४ मध्ये सापडला. एकाच काळी गोव्यात वावरलेल्या दोन परक्यांपैकी एकानं मराठीला ग्रंथ दिला, दुसऱ्यानं चिनीला कोश. आपल्या शाळांत यातलं काही शिकवत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

हे सगळं मला पुस्तकांतून कळलं असतं तर मी इतका पाल्हाळ लावला नसता. काही वर्षांपूर्वी मी एक दस्त घेऊन पणजीच्या पुराभिलेख खात्यात गेलो होतो. आजीच्या ट्रंकेतला. तिच्या माहेरच्या जमिनीचा. सरकारी शिक्क्याचा जाड कागद, जांभळट शाई, घड्यांवर विरलेला. गावात तो वाचणारं कुणी उरलं नव्हतं. मामाआजोबा होते तोवर पेडण्याहून, डिचोलीहून माणसं असले कागद काखेत मारून आमच्या पडवीत यायची. विहिरीचा हक्क कुणाचा, बांध कुठला, कुळाचं नाव आहे का. ते चष्मा पुसून वाचायचे, आणि लोक त्यांना नारळ, काजूगर देऊन जायचे. मुक्तीनंतर ज्या भाषेला पगार उरला नाही असं मी वर लिहिलं, तिची ही एवढी वरकमाई राहिली होती. तीही त्यांच्याबरोबर गेली.

तर वाचनकक्षात माझ्या समोरच्या टेबलावर एक चिनी मुलगी बसली होती. तिच्यापुढं तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या पत्रव्यवहाराची बाडं. मकावसंबंधीची पत्रं शोधत होती. दुपारी बाहेर चहाच्या टपरीवर गाठ पडली. मोडक्या इंग्रजीत बोललो, दोघांचीही मोडकीच. ती चीनमधल्या एका विद्यापीठात पोर्तुगीज शिकली होती, आता मकावला संशोधन करत होती. मी पिशवीतून दस्त काढला. तिनं हात रुमालाला पुसले, कागद सावलीत धरला आणि हळूहळू वाचायला लागली. हस्ताक्षराशी ती झगडत होती, मध्ये मध्ये थांबत होती. पण उत्तरेला अमक्याचं भातशेत, दक्षिणेला ओहोळ, पूर्वेला देवस्थानची जमीन, हे सगळं तिनं मला इंग्रजीत सांगितलं. इन्सुलीच्या माणसाला त्याच्या आजीच्या माहेरचा बांध चीनच्या मुलीनं दाखवला.

मग मीच तिला खोदून विचारत बसलो. ती अठराव्या वर्षी विद्यापीठात गेली तोवर तिनं पोर्तुगीजचा एक शब्द ऐकला नव्हता. पहिल्याच दिवशी बाईंनी वर्गातल्या प्रत्येकाला एकेक पोर्तुगीज नाव दिलं, चार वर्षं त्याच नावानं हाक. पहाटे मुलं मैदानाच्या कडेला, तळ्याकाठी उभी राहून मोठ्यानं वाचतात, ज्याची त्याची भाषा, ज्याचा त्याचा सूर. चिनी कॉलेजांतली ही जुनी रीत आहे. कंप पावणारा 'र' तिच्या जिभेला येईना, तर घशात पाणी धरून गुळण्या करत सराव केला. चिनीत 'प' आणि 'ब' यांतला फरक आपल्यासारखा घोष-अघोषाचा नाही, श्वास किती सुटतो याचा आहे. त्यामुळं ती पेर्नेम, म्हणजे दस्तातलं आपलं पेडणं, म्हणताना मधेच बेर्नेम म्हणायची आणि स्वतःच हसायची. क्रियापदं हा तर त्यांचा काळच. चिनीत क्रियापद कर्त्याप्रमाणं किंवा काळाप्रमाणं बदलतच नाही, नामाला लिंग नाही. मराठी माणसाला 'तो गेला, ती गेली' करायची सवय जन्मापासूनची, आणि मालवणी माणसाच्या तर नाकातच अनुस्वार. मामाआजोबांचा 'सांव' तिच्यापेक्षा किती सहज होता, ते तिचा ऐकल्यावर मला उमगलं. आम्हाला ही भाषा शिकायला तिच्या निम्मेही कष्ट पडू नयेत.

पण कष्टाचा हिशेब तिच्या देशानं केव्हाच मांडून ठेवला आहे. ब्राझीलचं सोयाबीन आणि लोहखनिज, अंगोलाचं तेल. २००९ पासून चीन हा ब्राझीलचा सगळ्यात मोठा व्यापारी भागीदार आहे. २० डिसेंबर १९९९ ला मकाव चीनकडे परत आलं, तेव्हा पोर्तुगीज भाषा त्यांनी समुद्रात बुडवली नाही. कायद्यात तिला चिनीबरोबर जागा ठेवली, कारण तिथली कायद्याची चौकट पोर्तुगीज घडणीची आणि कोर्टाला दोन्ही भाषा जाणणारी माणसं लागतात. २००३ मध्ये पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांशी व्यापारासाठी मकावला कायमचं व्यासपीठ उभं केलं. एकेकाळी दोन-तीन विद्यापीठांत शिकवली जाणारी ही भाषा आता चीनमध्ये डझनावारी विद्यापीठांत शिकवतात. मुलं दोन वर्षं घरी घोकतात, तिसऱ्या वर्षी बहुधा पोर्तुगाल, मकाव किंवा ब्राझील गाठतात. परत आली की कंपन्या वाटच पाहत असतात. तिच्या वर्गातले काहीजण अंगोलात रस्ते बांधणाऱ्या कंपन्यांत दुभाषे होते.

सगळंच गोड नाही, हेही तिनंच सांगितलं. चीनमधले बहुतेक विद्यार्थी शाळेपासून इंग्रजी शिकतात, कॉलेजात १९८७ पासून देशभर इंग्रजीची एकच परीक्षा असते, आणि ती उत्तम गुणांनी पास झालेला पोरगा परदेशी माणसासमोर तोंड उघडत नाही. याला ते 'मुकी इंग्रजी' म्हणतात. हे ऐकून मला आपली दहावीची पोरं आठवली. पोर्तुगीजचे वर्ग छोटे, शिक्षक रोज बोलायला लावणारे, म्हणून तिकडे निभावतं. घोकंपट्टी मामाआजोबांनी केली, हिनंही केली. दोघंही घोकून अडकले नाहीत, कारण दोघांना पुढं ती भाषा ज्याच्याशी बोलायची तो माणूस ठरलेला होता.

आणि आम्ही? ब्रिटिश गेले तरी इंग्रजी आपण ठेवली, शहाणपणाच केला. पोर्तुगीज गेले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांची भाषाही हद्दपार करण्यात आपल्याला पराक्रम वाटला. त्या वेळच्या माणसांना मी दोष देणार नाही. ज्यांनी तळहातावर पालमातोर खाल्ली आणि पत्रादेवीचं रक्त पाहिलं, त्यांनी दोउरु-तेजु विसरून जावं हे साहजिकच होतं. पण आज त्या गोष्टीला साठ वर्षं उलटून गेली. गोव्यात अजून १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी कायद्याचा काही भाग चालतो. पेडणं, डिचोली, सत्तरीतल्या जमिनींचे जुने दस्त त्याच भाषेत आहेत. आणि पणजीच्या दफ्तरखान्यात 'रेइश विझिन्युश', म्हणजे शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराची बाडं आहेत. सावंतवाडीकर भोसले हे त्या शेजाऱ्यांतले अगदी दाराशेजारचे. तह, तक्रारी, पळून आलेली कुळं, अडवलेली तारवं. आमच्या तालुक्याचा इतिहास त्या बाडांत आहे आणि तो वाचणारा माणूस आमच्या तालुक्यात नाही.

गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे. पणजीत पोर्तुगाल सरकारच्या संस्थेचे वर्ग चालतात. बरेच गोवेकर आता ती शिकतात, पण डोळा बहुतेकांचा पोर्तुगालच्या पासपोर्टवर. त्यालाही माझी हरकत नाही, मामाआजोबांनाही पगारच हवा होता. आमच्याकडची पोरं तर रोज बांदा ओलांडून गोव्यात कामाला जातात, मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून जास्तच. त्यांच्यातल्या दोघातिघांनी संध्याकाळचा वर्ग लावला तर वकिलाकडे, भाषांतराला, दफ्तरखान्यात काम मिळेल. सावंतवाडीच्या पंचम खेमराज महाविद्यालयासारख्या ठिकाणी इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी मोडी आणि पोर्तुगीज असा जोडवर्ग निघावा, असं मला फार वाटतं. मोडी वाचणारे अजून थोडे आहेत. पोर्तुगीज वाचणारे तयार करावे लागतील.

तोवर एक काम कुणालाही जमेल. बांदा, इन्सुली, दोडामार्ग, सातार्डा या पट्ट्यात ज्यांच्या घरी पेडण्या-डिचोलीकडून आलेले असे जुने कागद असतील, त्यांनी ते लॅमिनेट करू नयेत. तापलेल्या प्लास्टिकनं कागद आतून खराब होतो आणि पुन्हा सुटा करता येत नाही. घडी उघडून सपाट ठेवा, ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांपासून दूर ठेवा, दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढा आणि पणजीला जाऊन वाचून घ्या.